आखूड बोल्ट

आमच्या कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे आणि तोंडावर ‘मिस्त्री’. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, तो ओळंबा. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याने माणूस बरोबर ओळखला होता. हा गृहस्थ कुणाच्या बाजूने कललेला कुणी पाहिला नव्हता. आणि भिंत वाकडी निघाली की लोकांचा राग भिंतीवर नसतो, ओळंब्यावर असतो.

मी त्याच कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. आमच्याकडे कंट्रोल पॅनेलं बनत. पाण्याची केंद्रं, दवाखाने, दूध थंड करायच्या जागा, जिथे म्हणून मोटारी आणि पंप आपोआप चालू-बंद व्हायला हवेत, तिथे ती जात. माणसापेक्षा उंच लोखंडी रॅक असतो, त्याच्या खणांत ही पॅनेलं एकाखाली एक बसवायची. कुठलं कितव्या खणात, ते मी कागदावर दाखवायचे. प्रत्यक्ष बसवायचे ते मिस्त्री.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी माझी फजिती केली. मी एक जड ट्रान्सफॉर्मर रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात दाखवला होता, कारण तिथून तार कमी लागत होती. मिस्त्री ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून माझ्या टेबलाशी आले.

“बाई, हे वर का?”

“वर जागा होती.”

“तुम्हाला जागा दिसली. मला त्याच्याखाली उभा असलेला माणूस दिसतो,” ते म्हणाले, आणि सगळ्यांदेखत माझ्याच पेन्सिलीने तो चौकोन खोडून तळाला काढला. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नवीन ड्रॉइंग काढायला बसले तेव्हा जड वस्तू आपोआप तळाला गेली. नंतर कधी ती वर आली नाही.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. साइटवर पोचले की आधी हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून रुमालात बांधायचे. मग वीज बंद करायची, ब्रेकरला कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेस्टर. तो आधी दुसरीकडच्या चालू तारेवर लावून बघायचे, मग बंद केलेल्या तारेवर, आणि पुन्हा चालू तारेवर. मी एकदा विचारलं, एवढं तीन-तीनदा कशाला? म्हणाले, “मेलेल्या टेस्टरला सगळंच मेलेलं दिसतं, बाई.”

रॅकचंही तसंच. आधी तो जमिनीला बोल्टने पक्का बसवायचा, मगच भरायला घ्यायचा. भरायचा तोही खालून वर. पॅनेल दोघांनी उचलायचं, एकट्याने कधी नाही. आणि खणातून पुढे ओढून घ्यायची पॅनेलं असतील, तर एका वेळी एकच बाहेर. दुसरं ओढायचं तर पहिलं आत. नव्या माणसाला ते हे सगळं पाढ्यासारखं घोकायला लावत. लोक हसत. “ओळंब्याच्या घरी ताटसुद्धा लेव्हल लावून वाढतात,” असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ते सांगत सांगत सगळ्या कारखान्यात फिरलं.

पण अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ही गोष्ट कुणी सांगत फिरलं नाही. जे घडत नाही ते कोण सांगणार?

घरी ते आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका शेडमध्ये मशीनवर बसायच्या. पण घर रिकामं नव्हतं, कारण वहिनींचा धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळे वहिनींनीच त्याला वाढवलेला. लग्नात नवरीबरोबर हाही आला, तेव्हा नऊ वर्षांचा होता. मिस्त्री थट्टेने म्हणत, “लोकांना सासऱ्याकडून भांडी मिळतात. मला मेहुणा मिळाला.” त्याला शिकवलं त्यांनी, हातात पाना दिला त्यांनी, कारखान्यात चिकटवलाही त्यांनीच. आता तो पस्तिशीचा झाला होता, वेगळी खोली घेऊन राहत होता, आणि कारखान्यात त्याला ‘झटपट’ म्हणत. मिस्त्रींना ज्या कामाला दोन दिवस लागत ते तो एका दिवसात उरकायचा. साहेब त्याच्यावर खूश असत. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. स्वतः कधी पाना न धरलेला, पण कुठला पाना किती वेगाने फिरायला हवा हे पक्कं ठाऊक असलेला माणूस.

त्या वर्षी पाणी शुद्ध करायच्या एका नव्या केंद्राचं काम आमच्याकडे आलं. कंट्रोल रूममध्ये तीन रॅक उभे करायचे होते. मिस्त्री आणि झटपट दोघेही तिथे गेले. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. साइटचे फोन मीच घेत असे आणि रजिस्टरात वेळ घालून लिहीत असे.

“बाई, लिहून घ्या,” मिस्त्री म्हणाले. “बोल्ट आखूड आलेत.”

“किती आखूड?”

“चांगले चार बोटं. खालून केबल न्यायला केंद्रवाल्यांनी जमीन उचलून घेतलीय. तुमच्या ड्रॉइंगमध्ये जमीन जिथे होती तिथे आता ती नाही. बोल्ट वरच्या फरशीला धरतो, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. लांब बोल्ट पाठवा. तोवर मी रॅक भरणार नाही. असंच्या असं लिहा.”

मी असंच्या असं लिहिलं. मग साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. परवा केंद्राचं उद्घाटन होतं, मोठे पाहुणे फीत कापायला येणार होते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं.

“मिस्त्री, रॅक काय पळून जाणारेय का?”

“पळणार नाही, साहेब. पडेल.”

“अहो, पाहुणे परवा येतायत!”

“येऊ देत. रिकामा रॅक बघून जातील. फीत कापायला कुठे बोल्ट लागतात?”

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. ते फार गोड आवाजात म्हणाले, “बरं, तुम्ही दमलात. उद्यापासून दूध केंद्रावर जा, तिथेही काम अडलंय. इथलं तुमचा मेहुणा बघेल.”

साइट सोडताना काम दुसऱ्याच्या हवाली करायचं, तर तपासणीचा कागद भरून खाली सही करायची पद्धत होती. जमीन तपासली, वीज बंद केली, अर्थिंग जोडलं, अशा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकट. मिस्त्रींनी जे झालं होतं त्यापुढे खुणा केल्या, ‘रॅक पायाला बसवला’ या ओळीपुढची चौकट रिकामी ठेवली आणि सही केली. खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर जाड अक्षरात लिहिलं, ‘पाया पक्का नाही. वर काही चढवू नका.’ तो रॅकच्या दाराला तारेने बांधला. आणि मेहुण्याला सांगितलं, “बोल्ट आल्याशिवाय एकही पॅनेल चढवायचं नाही. साहेब ओरडले तर माझं नाव सांग.”

“हो भाऊजी,” झटपट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः साइटवर गेले. तिथे ते झटपटला काय म्हणाले ते त्या दोघांनाच ठाऊक. पण ते परत आले ते शीळ घालत. त्यानंतरच्या सकाळी, पाहुणे यायला चार तास असताना, झटपट आणि दोन मजूर मधला रॅक भरत होते. तळाला बसायची जड वस्तू वाटेत ट्रकमध्येच होती, म्हणून वरची पॅनेलं आधी चढवली. मागच्या तारा जोडायला हात पुरेना, म्हणून दोन पॅनेलं एकदम पुढे ओढली. रॅकचा तोल पुढे गेला. मजूर बाजूला उडी मारून सुटले. झटपट समोर होता. त्याने रॅक धरायला उजवा हात वर केला. कुणीही करेल तसंच. पाठीमागच्या लोखंडी टेबलाची कड आणि पॅनेलची कड यांच्यामध्ये तो हात सापडला.

हात राहिला, पण चार बोटं गेली. अंगठा तेवढा वाचला.

तो फोनही मीच घेतला. रजिस्टरात लिहिला. दोन दिवसांपूर्वीच्या ‘बोल्ट आखूड’च्या दोन-तीन पानं पुढे.

पाहुणे आले नाहीत, कार्यक्रम पुढे ढकलला गेला. दोन दिवसांनी साहेब माझ्या टेबलाशी आले. मिस्त्री कधीकाळी उभे राहिले होते तिथेच उभे राहिले.

“बाई, हे रजिस्टर फार मळलंय हो. चौकशीला सरकारी माणूस येणार, त्याच्यासमोर असलं ठेवायचं? नवीन घ्या आणि याच्यावरून स्वच्छ अक्षरात उतरवून काढा. काम-कामाचं तेवढं उतरवा.”

एवढंच म्हणाले. धमकी नाही, काही नाही. ‘काम-कामाचं तेवढं.’ मी नवीन रजिस्टर घेतलं. दोन दिवस बसून सगळे फोन सुंदर अक्षरात उतरवले. एक सोडून. जुनं रजिस्टर साहेबांनी स्वतः येऊन नेलं. मी असं का केलं, याला कारणं होती. सगळ्यांनाच असतात. ती इथे सांगून मी माझी बाजू धुऊन घेणार नाही.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. त्या दोन मजुरांना बोलावलंच नव्हतं. सुरक्षा खात्याचा अधिकारी आला होता. त्याला सर्दी झाली होती आणि तो दर वाक्याला रुमाल नाकाला लावत होता. टेबलावर तो तपासणीचा कागद होता. ‘रॅक पायाला बसवला’, पुढे स्पष्ट खूण, खाली मिस्त्रींची सही.

“सही तुमची?” अधिकाऱ्याने विचारलं.

“सही माझी. खूण माझी नाही,” मिस्त्री म्हणाले. “मी ती चौकट रिकामी ठेवली होती. आडवी रेघ मारायला हवी होती. एवढं माझं चुकलं.”

“म्हणजे चूक मान्य आहे?”

“रेघ मारली नाही एवढीच मान्य आहे.”

अधिकाऱ्याने झटपटकडे वळून बघितलं. तो खुर्चीत बसला होता, हात गळ्यात अडकवलेला, बँडेज कोपरापर्यंत. “तुम्हाला यांनी काय सांगितलं होतं?”

झटपट खाली बघत बोलला. “भाऊजी म्हणाले, बोल्ट मारून झालेत. तू भरायला घे.”

मिस्त्रींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. “आणि पुठ्ठा?” त्यांनी विचारलं.

“पुठ्ठा नव्हता,” झटपट म्हणाला. “मी नाही बघितला.”

मग मिस्त्री अधिकाऱ्याला म्हणाले, “साहेब, मी ऑफिसला फोन केला होता. बोल्ट आखूड आहेत म्हणून. या बाईंनी लिहून घेतलंय. त्यांना विचारा. त्या लिहितात तेव्हा असंच्या असं लिहितात.”

अधिकाऱ्याने रजिस्टर चाळलं. त्या तारखेला बोट ठेवलं, खाली-वर नेलं. “इथे तर काही नाही. बाई, असा फोन आला होता का?”

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणाले, “दिवसाला पन्नास फोन येतात. आठवत नाही.”

मिस्त्रींनी हळूच मान हलवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “पन्नास येतात.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं, आणि फाशीच्या दोरीला एक हात माझाही होता. मिस्त्रींचा विजेचं काम करायचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. कारखान्याने त्यांना घरी बसवलं. झटपटला स्टोअरमध्ये कायमची बसून करायची नोकरी मिळाली आणि दवाखान्याचा सगळा भार साहेबांनी उचलला. ‘माणुसकी’ हा शब्द त्या महिन्यात मी साहेबांच्या तोंडून जितक्यांदा ऐकला तितक्यांदा त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

पुढची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी वहिनींकडून कळली.

उजवा हात कामातून गेलेला माणूस एकटा कसा राहणार? वहिनींनी भावाला घरी आणलं. मिस्त्रींनी हरकत घेतली नाही. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत त्याची खाट. वहिनी सकाळी सात वाजता शिवणाच्या शेडवर जात. झटपटची ड्यूटी नऊला. डाव्या हाताने त्याला दात घासता यायचे, जेवता यायचं, पण शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. ती मिस्त्री लावायचे. रोज. ज्या कारखान्याने त्यांना हाकललं होतं, त्याच कारखान्याचा शर्ट, खिशावर कारखान्याचं नाव, त्याची सहा बटणं खालून वर लावायची, कॉलर सारखी करायची आणि ज्याने खोटी साक्ष दिली त्याला कामावर पाठवायचं. मग दार लावून घरात बसायचं. असं आठ महिने.

वहिनींना खरं ठाऊक नव्हतं. नवरा म्हणे, मी पुठ्ठा लावला होता. भाऊ म्हणे, नव्हता. नवऱ्याने एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. भाऊ मात्र विषय निघाला नाही तरी काढायचा. “ताई, भाऊजींचं वय झालं, विसरले असतील गं. मी काही राग धरलेला नाही.” पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, हात असा झालेला. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? वहिनींनी मनातल्या मनात नवऱ्यालाच चुकीचा धरला. एवढ्या वर्षांत एकदा विसरला असेल माणूस, असं स्वतःला समजावलं. त्या मला म्हणाल्या, “मी त्यांना बोलले काही नाही. पण मी त्यांना माफ केलं होतं, बाई. कदाचित जे त्यांनी केलंच नाही त्याबद्दल. आणि ते त्यांना कळत होतं.”

हे त्या मला कारखान्याच्या फाटकाबाहेर सांगत होत्या. दुपारच्या सुट्टीत मी बाहेर आले तर त्या उभ्या होत्या, शेडवरून अर्धा दिवस रजा काढून आलेल्या. ब्लाउजला टाचणी तशीच लावलेली.

“एकच विचारायला आले,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात दोन माणसं जेवतात. त्यातला एक खोटं बोलतोय. कुणाला वाढताना हात आखडता घेऊ, एवढं मला सांगा.”

“आजच का विचारताय?” मी म्हणाले.

“काल त्याचा शर्ट धुवायला काढला. खिशात कागद होता, कुठेतरी दाखवायला नेलेला, साहेबांच्या सहीचा. नोकरी कायम केल्याचा. त्यावरची तारीख चौकशीच्या आदल्या दिवसाची आहे.”

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन, रजिस्टर, नवीन रजिस्टर, माझं ‘आठवत नाही’. बोलायला लागल्यावर सगळं फार सोपं वाटलं. जिथे बोलायचं तिथे तोंडाला कुलूप, आणि जिथे बोलून कुणाचं काही परत मिळणार नाही तिथे मी घडाघडा बोलले. वहिनींनी सगळं उभ्यानेच ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला पोरंबाळं आहेत ना?” मी हो म्हणाले. “मग बरोबर आहे,” असं म्हणून त्या निघून गेल्या. त्या ‘बरोबर’चा अर्थ मी अजून लावते आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी भावाला नवऱ्यासमोर बसवून विचारलं. तो आधी नाही म्हणाला, मग रडला, मग चिडला. “मग काय करू? साहेब म्हणाले, खरं सांगितलंस तर तुझाच हलगर्जीपणा ठरेल, दवाखानाही नाही आणि नोकरीही नाही. माझा हात गेला, ताई! भाऊजींचा कागदच गेलाय ना? हात तर आहेत दोन्ही!”

वहिनींनी मिस्त्रींकडे वळून विचारलं, “तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि तुम्ही रोज याची बटणं लावत होतात?”

“त्याला लावता येत नव्हती,” मिस्त्री म्हणाले. मग मेहुण्याकडे न बघता म्हणाले, “आणि लावताना मी रोज याच्या तोंडाकडे बघायचो. म्हटलं, आज बोलेल. एक दिवस तरी म्हणेल, भाऊजी, चुकलं. दोनशेच्या वर सकाळी झाल्या. हा वर छताकडे बघायचा.”

दुसऱ्या दिवशी वहिनींनी भावाची पेटी दारात ठेवली. जिने लहानपणापासून त्याच्या चड्डीला नाडी घातली, तिनेच. तो गेला. पलीकडच्या गल्लीत राहतो, स्टोअरमध्ये बसतो, डाव्या हाताने लिहायला शिकला. वहिनी रस्त्यात दिसल्या की तो वळून दुसऱ्या बाजूने जातो. वहिनी मात्र वळत नाहीत.

त्यांनी मिस्त्रींना घेऊन पुन्हा खात्याकडे खेटे घातले. तो नोकरीचा कागदही नेला. तिथे म्हणाले, यातून फक्त नोकरी दिल्याचं सिद्ध होतं. झटपट जबाब बदलायला तयार नव्हता, आणि मला विचारायला खात्यातून कुणी आलंच नाही. आलं असतं तर मी काय म्हणाले असते? नोकरीत असेपर्यंत कदाचित तेच, पन्नास फोन. हे मी आता सांगू शकते, कारण आता सांगायला काही लागत नाही.

परवाना तीन वर्षांनी परत मिळाला, पण तोवर त्या कागदावर शेरा होता, आणि शेरा असलेल्या साठीच्या माणसाला रॅक कोण सोपवणार? मिस्त्री लोकांच्या घरी जाऊन भिंतीला कपाटं, फळ्या, आरसे बसवून द्यायला लागले. आमच्या साहेबांना बढती मिळाली. पुढे कारखान्याने सुरक्षेच्या सूचनांचं एक रंगीत पत्रक छापलं. आधी पाया, जड खाली, एका वेळी एकच पॅनेल बाहेर, सगळं त्यात होतं. मजकूर साहेबांनी मला लिहायला सांगितला होता. मी मिस्त्रींची वाक्यं आठवून आठवून लिहिली. खाली साहेबांचं नाव छापलं.

मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात सुरक्षा खात्याला पत्र लिहिलं. तारीख, वेळ, फोनवरची वाक्यं असंच्या असं, रजिस्टर बदलल्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं. खाली पूर्ण सही. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. चारच ओळी होत्या. प्रकरण निकाली निघालं आहे, फेरविचाराची मुदत संपली आहे, मूळ रजिस्टर असल्यास सादर करावं. मूळ रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं होतं.

ते उत्तर आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन मी मिस्त्रींच्या घरी गेले. पहिल्यांदाच. दार वहिनींनी उघडलं. मिस्त्री बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून कुणाच्यातरी कपाटाच्या दाराला बिजागरी लावत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला खुर्ची दाखवली, हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही कागद वाचले. माझं पत्र दोनदा वाचलं. मग आधीच्याच घड्यांवर दुमडून माझ्या हातात परत दिलं.

“अक्षर अजून छान आहे,” ते म्हणाले.

“मिस्त्री, मला आधीच...”

“बाई, तुम्ही कशाला आलात ते सांगू? तुमच्यावर माझा राग नाही, असं मी म्हणावं म्हणून. ते मी म्हणणार नाही. राग आहे. मेहुण्यावर आहे त्याहून तुमच्यावर जास्त आहे. त्याला नोकरीची भीती घातली होती, त्याचा हात गेला होता. तुमचं काय गेलं होतं?”

मी दोन्ही कागद पिशवीत ठेवले.

“चौकशीच्या खोलीत शिरताना मी निर्धास्त होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, मेहुणा बोलेल ते बोलेल. बाईंनी लिहिलंय.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि बिजागरीचं काम पुढे चालू केलं. माझ्याशी बोलणं संपलं होतं.

मी उठायला लागले तशा वहिनी आतून म्हणाल्या, “चहा टाकलाय, घेऊन जा.” त्या कप घेऊन आल्या. माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाल्या, “पण परत येऊ नका.”

चहा फार गरम होता. तरी मी तो सगळा प्यायले. तसाच टाकून उठणं बरं दिसलं नसतं.